उलट्या फेऱ्याची झारी

"गवत कमी पडलं तं झाऱ्या एकमेकीच्या टाळक्यात बसतील. मंग कॅम्पातल्या बाया मलाच इचारतील, का रे पुंजाराम, खापरं इकायला आणली का?"

"हाय तेवढंच गवत हाय, आप्पा. बाकीचं गाढवानं खाल्लं. त्याला इचारा."

"त्यालाच इचारतो. ह्या घरात तेच एक सरळ बोलतं."

पुंजाराम कुंभाराची बाजाराच्या दिवशीची सकाळ अशीच जायची. झाऱ्या भरून गाढव वाटेला लागेपर्यंत तोंडाचं चाक थांबायचं नाही. त्याची लेक मैना खाली बसून एकेक झारी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता त्यावरचं वाचतही होती, त्यामुळे काम अर्ध्या चालीनं चाललं होतं.

"वाचून झालं का? का झारीला वाचून दाखवायचं हाय?"

"झाली, झाली."

आंबेवाडी दारणेच्या काठावर. तिथून देवळाली कॅम्प दोन तासांची चाल. तोफांचा सराव असला की गावातली मांडणीवरची भांडी खुळखुळायची आणि कुंभाराच्या पडवीतली कच्ची गाडगी थरथरायची. परक्याला वाटायचं भूकंप झाला. पुंजाराम मात्र आवाजावरून सांगायचा, "आज मोठ्या तोफा हायेत. झाऱ्या भिंतीपासून इतभर लांब ठेवा."

त्याची झारी कॅम्पात नावाजलेली होती. पोट गोल, गळा दोन बोटं जातील इतकाच, एका अंगाला तोटी, दुसऱ्या अंगाला कान. वर गेरूचा लाल हात. त्या लालावर पांढऱ्या मातीच्या दाट पाण्यानं काढलेली वेल, तिच्याखाली ठिपक्यांच्या तीन ओळी. वेल मैना काढायची. शिंदीच्या काडीचं टोक दातानं चावून तिची कुंचली करायची, ही आईची शिकवण. आई, कुसाबाई, जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. फौजी लोकांच्या बदल्या व्हायच्या आणि झाऱ्या त्यांच्या ट्रंकांतून पार पठाणकोटपर्यंत जायच्या. पुंजारामनं इगतपुरीच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं, पण पठाणकोटचं नाव तो आपल्या पाव्हण्याचं गाव असल्यासारखं घ्यायचा.

त्या दिवशी उजाडल्यापासून पडवीतून ठक् ठक् ऐकू येत होतं. मैनेनं चुलीपुढूनच विचारलं होतं, "काय ठोकता?"

"काय नाय. चाक कुरकुरतं. जरा बंदोबस्त केला."

ती उठून बघायला गेली नाही. भाकरी तव्यावर होती.

गाढवावर पाट्या चढवून झाल्या. शेवटची झारी पुंजारामनं हातात घेतली. हात कापत होता, म्हणून झारी छातीशी धरली. मग उजव्या हाताची दोन बोटं गळ्यातून आत घातली आणि आतल्या अंगानं हळूहळू फिरवली. कितीतरी वेळ फिरवली.

"मैने, ह्यात पाणी गार राहील."

"सगळ्यातच राहतं."

"राहतं. पर ह्यात जरा जास्त."

झारी तिच्या हातात देऊन तो निघाला. चिंचेपाशी वळताना मागं बघून म्हणाला, "ऊन लय हाय. पडवीत बस. चाकापाशी सावली असती."

झारी खाली ठेवता ठेवता मैना तिथंच थांबली. वेल काढायला ती रोज दारातल्या उजेडात बसायची. चाकापाशी तिचं काय काम? पण बाप वळणावरून दिसेनासा झाला होता, आणि म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक शब्दाला अर्थ असतोच असं नाही.

चाकापाशी तिचं काम होतं. ते तिला ठाऊक होतं आणि तिच्या समजुतीनं जगात दुसऱ्या कुणाला नव्हतं.

कुंभाराच्या घरात बाईनं माती चाळावी, तुडवावी, लीद कालवावी, भट्टी रचावी, रंग द्यावा. चाकाला हात लावू नये. बाईनं चाक फिरवलं तर भट्टी फुटते, असं आंबेवाडीतलं शेंबडं पोरही सांगायचं. पुरुषांच्या हातूनही दर पावसाळ्यात भट्ट्या फुटत होत्या, पण त्याला मग सावली पडली, नजर लागली अशी नावं होती.

बहात्तर साली, दुष्काळात, दारणेचं पात्र उघडं पडलं आणि आयुष्यात मिळाली नाही अशी लोण्यासारखी माती मिळाली. नेमका त्याच वर्षी पुंजारामचा हात कापायला लागला. आधी करंगळी, मग पंजा. झारीचं पोट एका अंगाला बसू लागलं. तोटी लावायला गेला की गळा ढासळायचा. तो मातीला शिव्या द्यायचा, चाकाला द्यायचा, हाताला मात्र कधी दिली नाही. मैना तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली. नाशिकच्या मास्तरणींच्या ट्रेनिंगला अर्ज केला होता आणि पोस्टमनची वाट बघत होती.

त्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. बाप बाजारला गेला असताना तिनं त्याच्या पाच वेड्यावाकड्या झाऱ्या मोडून पुन्हा मातीत घातल्या आणि पहिल्यांदा चाकावर बसली. दिवस मावळेपर्यंत एक झारी उभी राहिली. आणि पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगचं पत्र आलं.

ते तिनं तीनदा वाचलं. बाप अंगणात हात काखेत दाबून बसला होता. ती गेली असती तर दोन बाजारांत सगळ्या कॅम्पाला कळलं असतं, की पुंजारामचा हात गेला. तिनं पत्र घडी करून भट्टीच्या तोंडात सारलं.

"पोरी, पत्र नाय आलं का गं?" त्यानं महिन्याभरानं विचारलं.

"नाय आलं."

"नाय तं नाय. आपल्याला मास्तरीण कोण करतंय?"

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तेच. आठवडाभर बाप चाकावर बसायचा, जे होईल ते फळीवर ठेवायचा आणि बाजाराला जाताना म्हणायचा, "सुकत ठेव." ती मोडायची आणि तितक्याच नव्या घडवून ठेवायची. फक्त एक खोड राहिली. लहानपणापासून ती बापाच्या समोर बसून मातीचे गोळे देत आली होती. चाकाला गती द्यायची त्याची काठी चाकाच्या खळग्यात जायची आणि तिच्या उजवीकडे झुकायची. ती बसली तेव्हा तिनंही काठी आपल्या उजवीकडेच ओढली. आरशात बघून भांग पाडावा तसं झालं. तिचं चाक उलटं फिरू लागलं. चूक कळली तोवर हातांना तेच वळण लागलं होतं. बाहेरून काही कळत नव्हतं, वर गेरू आणि वेल. पण झारीच्या पोटात बोटांच्या रेघा उलट्या चढायच्या, आणि त्या अरुंद गळ्यातून पुसायला हात आत जात नव्हता.

नऊ वर्षं अशी गेली. तीन स्थळं तिनं नाकारली. आपणच एकेक वीट लावून घर बांधावं आणि दार ठेवायचं विसरावं, तशी ती आत राहिली.

त्या दिवशी फळीवर बारा झाऱ्या होत्या. बारापैकी बारा वाकड्या. ओल आहे तोवर मोडायला हव्या होत्या. मैना हात धुऊन चाकाकडे वळणार, तोच दारात भागुबाई आत्या.

"काय करती गं? बाप गेला का बाजारला? बरं झालं. मला तुझ्याशीच बोलायचं व्हतं."

"बोला ना, आत्या."

"बोलते. आधी बसू तं दे. गुडघे म्हणजे नुस्ते मडक्याचे काठ झालेत, कवा फुटतील नेम नाय." आत्या जी बसली ती खांबाला टेकूनच बसली, म्हणजे दुपारची निश्चिंती. "शिन्नरकडं एक स्थळ हाय. बिजवर हाय, पर यष्टीत कंडक्टर हाय. दोन लेकरं हायेत."

"आयतीच?"

"हस. सत्तावीस वर्षांची घोडी झाली, तुला आता नवी कोरी कोण देणार? बाजारात दुपार टळली की माळवंसुदिक पडत्या भावानं जातं."

"मंग माळव्याला घरीच ठेवा."

"बापासाठी बसलीस तू. सगळं गाव म्हणतं, पुंजारामची लेक म्हणजे लेक. पर बाप काय जल्माला पुरतो का?"

मैनेची नजर फळीवर होती. ऊन पडवीच्या कडेला आलं, झाऱ्यांचे काठ पांढुरके व्हायला लागले. आत्यानं चहा घेतला, शेजारणीचा उद्धार केला, गुळासकट शेंगदाणे खाल्ले, कंडक्टरच्या पहिल्या बायकोचं दुखणं सांगितलं. मैना मनातल्या मनात म्हणत होती, उठा आत्या, उठा.

आत्या उठली नाही. चिंचेच्या वळणावरून सावळीराम बांगडीवाला सायकल हातात धरून येताना दिसला. त्याच्या मागं गाढव होतं. पाट्या तशाच भरलेल्या.

"भागुबाई, जरा बाहेर या," तो म्हणाला. मैनेकडे त्यानं पाहिलं नाही.

पुंजाराम निंबाखाली माल मांडून बसला होता. एका बाईला झारी दाखवायला उचलली, आणि बसल्या जागी मान टाकली. झारी त्याच्या मांडीवर पडली, म्हणून फुटली नाही. सावळीरामनं तेवढं दोनदा सांगितलं.

कुंभाराच्या घरच्या मयताला घरचं मडकं चालत नाही, म्हणून ते पलीकडच्या गावाहून आणलं. चाकावर गोणपाट टाकलं. सुतक सरलं, दहावा झाला, तेरावा झाला, गोणपाट तसंच राहिलं. चिमाजीकाका, पुंजारामचा धाकटा भाऊ, तेराव्याला पान खात म्हणाला, "आखाजीला दादाच्या नावाची घागर भरू. त्याच दिवशी चाक आमच्याकडं नेऊ. दादाला ल्योक नाय. आमच्या वाल्मीकनं चालवायला पायजेल."

"आन् मैना?" आत्यानं विचारलं.

"मैना काय, आमच्याकडं येईल. नक्षी तिचीच. खायाला-ल्यायला कमी पडू देणार नाय. नायतं तुझा कंडक्टर हायेच."

एवढं ठरवायला त्यांना पान चावून होईपर्यंतचा वेळ लागला. मैनेला कुणी विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही. न बोलण्याची तिला नऊ वर्षांची सवय होती.

फळीवरच्या बारा झाऱ्या वाळून दगड झाल्या होत्या. तिनं त्या मोडायला घेतल्या आणि खाली ठेवल्या. प्रत्येकीच्या अंगावर बापाच्या बोटांचे ठसे होते, कापऱ्या हाताचे, एकावर एक पडलेले. आजवर असे किती ठसे तिनं पाण्यात विरघळवले होते त्याची गणती नव्हती. हे शेवटचे होते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, उन्हानं दारणेच्या गोट्यांवर पाय ठेववत नव्हता. आत्यानं सांजोऱ्या केल्या. उंबऱ्यापाशी गहू पसरून त्यावर पाण्याची घागर ठेवली, घागरीवर छोटं मडकं, त्यावर आंबा. चिमाजीकाका बैलगाडी घेऊन आला होता. वाल्मीक गाडीतच बसून राहिला. त्याचा जीव सातपूरच्या कारखान्यात होता, पण बापापुढं बोलायची त्याचीही टाप नव्हती.

काकाची नजर आधी फळीकडे गेली. त्यानं एक झारी उचलली, उजेडात धरली.

"ही कुणी केली?"

"आप्पांनी."

"दादानं? ही? हिचं पोट बघ, पाचव्या महिन्यातल्या बाईगत एका अंगाला गेलंय." दुसरी उचलली, तिसरी उचलली. "आन् गेल्या बाजारापतुर कॅम्पात झारी चालली व्हती ती काय आभाळातून पडत व्हती?"

बापाची लाज राखायला मैनेनं एवढं आयुष्य घातलं होतं, आणि ती लाज फळीवर ओळीनं मांडलेली होती.

काकानं गोणपाट ओढलं. काठी घेतली, जुन्या सवयीनं खळग्यात घातली आणि थांबला. वाकला. बोटानं चाचपलं.

"चिमा, काय झालं रे?" आत्या म्हणाली.

"खळगा दोन्ही अंगांनी झिजलाय." त्यानं मान वर केली. "आमच्या सात पिढ्यांत चाक एकाच अंगानं फिरतं. उलटं कोण फिरवीत व्हतं? आन् हे काय? ह्या उलट्या बाजूला पत्रा कुणी ठोकला?"

मैना पुढं झाली.

खळग्याच्या ज्या कडेला तिची काठी लागायची, ती कड झिजून ढासळायला आली होती. तिथं आता पत्र्याची पट्टी होती. सायकलच्या मडगार्डाची, नीट वाकवून बसवलेली. चार खिळे. चारही खिळे वाकडे, आजूबाजूला चुकलेल्या घावांचे खड्डे. कापऱ्या हातानं, उजाडता उजाडता, ठक् ठक्.

चाक कुरकुरतं. जरा बंदोबस्त केला.

ती तिथंच खाली बसली. झारीच्या गळ्यात फिरणारी दोन बोटं तिला दिसली. आतल्या रेघा कुठल्या अंगानं चढतात हे ज्या बोटांनी पन्नास वर्षं माती ओढली त्यांना कळणार नाही, असं तिला वाटलं तरी कसं? ह्यात जरा जास्त. चाकापाशी सावली असती. त्याला ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. ठाऊक होतं आणि तो आठवडाभर वाकड्या झाऱ्या करून फळीवर ठेवत होता, तिनं मोडाव्यात म्हणून. आणि जाता जाता तिच्या बाजूची कड पत्र्यानं मजबूत करून गेला. आणखी वीस वर्षं टिकेल अशी.

"मी इचारतो काय, आन् तू बसती काय?" काका म्हणाला. "कोण बसत व्हतं ह्या चाकावर?"

पोरं खेळत होती म्हणता आलं असतं. काकाला तेच ऐकायचं होतं. गाडी जुंपलेली होती.

"मी."

"काय मी?"

"मी बसत व्हते. बहात्तर सालापासून. बाजाराच्या दिवशी. कॅम्पात गेलेली एकूणएक झारी माझ्या हातची हाय, काका. आप्पांचा हात गेला व्हता."

काकानं काठी अशी टाकली की जणू तिला किडा लागला होता.

"बाटलं! चाक बाटलं! नऊ वर्षं बाईमाणूस चाकावर, आन् आमी सोयऱ्या-धायऱ्यांत मिशीला पीळ देतोय, दादाची झारी, दादाची झारी!"

"नऊ वर्षांत भट्टी कितीदा फुटली, काका?"

काकाची स्वतःची भट्टी गेल्या वैशाखातच फुटली होती, आणि पुढची भाजायला तो मैनेचाच हात मागून घेऊन गेला होता.

"थांब जरा," आत्या बोटं मोजत म्हणाली, "म्हणजे माझ्या घरातली झारी?"

"माझीच."

"आन् नातवाच्या बारशाला दिलेली?"

"तीपण."

आत्यानं विचार केला. "पाणी तं लय गार राहतं बाई तिच्यात."

गाडीतून वाल्मीक फस्सकन हसला. त्याला मोकळं झाल्यासारखं वाटलं असावं. काकानं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि धोतराचा सोगा झटकला. "हे चाक माझ्या दारात नको. आन् हिचं जातीत सांगून बघतो मी. चल रे!"

"चिमा, घागर भरायची राहिली," आत्या ओरडली.

"भरंल तीच! चाक फिरवती तं घागर नाय भरायची व्हय?"

गाडी चिंचेच्या वळणावरून गेली. धूळ खाली बसली. दूर कॅम्पात मोठ्या तोफा सुरू झाल्या, आणि फळीवरच्या बारा वाकड्या झाऱ्या एकमेकींना हळू आवाजात लागू लागल्या. मैनेनं सवयीनं उठून त्या वीतभर पुढं सरकवल्या.

आत्या तिच्याकडे नव्यानं बघत होती. "मैने, खरं सांगू? आमी म्हणायचो, पोर बापासाठी बसली. तू चाकासाठी बसलीस व्हय गं! एवढा जीव त्या चाकावर? लगीन नाय, घर नाय. घे बाई, राहिलं तुझं चाक तुझ्यापाशी. जितलीस."

मैनेनं चाकाकडे पाहिलं. ते राहिलं होतं. पत्र्याची पट्टी उन्हात चकाकत होती.

तिनं बापाची ती झारी आणली, मांडीवर पडून वाचलेली. उंबऱ्यावर बसली. घागर भरायची म्हणजे त्याच्या नावानं पाण्याची धार सोडायची आणि नाव मोठ्यानं घ्यायचं. आत्या शेजारी हात जोडून उभी राहिली. मैनेनं झारी कलती केली. तोटीतून धार सरळ पडली, कुठं अडखळली नाही.

"घे नाव," आत्या हळूच म्हणाली.

"आप्पा," मैना म्हणाली. आवाज फुटला, म्हणून ती थांबली आणि परत पहिल्यापासून म्हणाली, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"आप्पा, ते पत्र आलं व्हतं. मला जायचं व्हतं."